दादाला न दिसलेलं स्थळ

गेल्या रविवारी दादाला घेऊन पावर हाउसच्या बाजारात गेले होते... आमच्या मराठी मंडळाच्या वधूवर मेळाव्याचा बॅनर छापायला. दुकानात स्नेहल भेटली. ती जवळच्याच कुम्हारी गावची, शाळेत शिकवते, आणि दोन वर्षांपासून आमच्या मेळाव्यात दादासारखं तिचंही नाव होतं.

ती स्वतःच्या लग्नाच्या पत्रिका छापायला आली होती.

बॅनरला वेळ होता, म्हणून दादा आणि ती बोलत बसले. एरवी मुलींसमोर तोंडातून शब्द न काढणारा माझा भाऊ चक्क हसत होता हो! दोघंही बाहेर हिंदी, घरात नागपुरी बोलणारे, आणि दोघांनाही नातेवाइकांनी "कधी, कधी" विचारून भंडावून सोडलेलं...

परतताना बाईकवर दादा म्हणाला, "इचं स्थळ मले कावून नाई दाखवलं तुनं?"

कोणाला कोणतं स्थळ दाखवायचं ते ठरवणारं मेळाव्याचं ॲप मीच लिहिलंय. घरी येऊन लॅपटॉप उघडला आणि अटी तपासल्या.

वय, शिक्षण, गाव... सगळ्या अटी मी && ने जोडल्या होत्या. म्हणजे एक जरी अट चुकली, तरी स्थळ दिसणारच नाही. त्यातली एक होती: मुलाची उंची > मुलीची उंची. मंडळाने ती सांगितलीच नव्हती. पण घरोघरी मुलगा उंच हवा असतो, म्हणून मी विचार न करता टाकून दिली.

दादा आणि स्नेहल, दोघंही पाच फूट सहा. "पेक्षा जास्त" म्हटल्यावर कम्प्युटरला सारखं कसं चालेल? तिथे >= म्हणजे "जास्त किंवा सारखं" असतं तर निदान भेटले तरी असते... जमलंच असतं असं नाही. पण ते ठरवणारी मी कोण?

दादाला सगळं सांगितलं. वाटलं, चांगलाच चिडेल. तो स्क्रीनकडे बघत म्हणाला, "जाऊ दे. बाकीच्यायले तरी दिसू दे आता."

मी त्या चिन्हापुढे = लावायला गेले आणि थांबले. आपल्याहून बुटका मुलगा मुलीला आवडणारच नाही, हे तरी मला कोणी सांगितलंय? अख्खी अटच काढून टाकली.

परवा दादाने यादीतून स्वतःचं नाव काढायला सांगितलं. अजून काढलेलं नाही... मन धजत नाही. चुकलं रे दादा.