शेवटच्या मुलीच्या दारापर्यंत

आमच्या क्लबच्या आत्या मैदानातून कधी सरळ स्वतःच्या घरी गेल्या नाहीत. त्यांचं घर मैदानाच्या समोरच होतं, तरीही. खो-खोचा सराव संपला की सगळ्या मुलींना घेऊन त्या इंद्रपुरीच्या गल्ल्यांतून चालत निघायच्या. एकेकीला तिच्या दारात सोडायचं, आतून कुणीतरी "आ गई?" म्हटलेलं स्वतःच्या कानांनी ऐकायचं, मगच पुढची गल्ली. घाईघाईत एखादी मुलगी लांबूनच "मैं चली जाऊँगी" म्हणाली तर आत्या म्हणत, "जाशील गं, पण मला ऐकू यायला हवं."

यजमानांची कारखान्यात नोकरी, म्हणून त्या नागपूरहून भोपाळला आलेल्या. हिंदी घरांतल्या मुलीही त्यांना 'आत्याजी' म्हणत. मी पांढुर्ण्याहून कॉलेजला आले तेव्हा आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. मैदानाच्या कडेला नुसती उभी होते. "खेळायला आलीस की बघायला? बघायचं तिकीट लागतं हं!" त्या ओरडल्या. त्या संध्याकाळी मलाही माझ्या भाड्याच्या खोलीपर्यंत सोडलं गेलं. परक्या शहरात आपण पोचलो की नाही हे कुणीतरी बघतंय, एवढा आधार मला पदवी हातात येईपर्यंत पुरला.

पुढे मला वेबसाइट तयार करण्याची नोकरी लागली आणि इकडे क्लबातल्या मुली कमी होत गेल्या. जुन्या मुली मोठ्या झाल्या, नवी कुटुंबं पलीकडच्या अवधपुरी वस्तीत राहायला गेली. क्लबच्या समितीने ठरवलं की दिवाळीपर्यंत मुलींचा पूर्ण संघ उभा राहिला नाही, तर संध्याकाळचं मैदान मुलांच्या क्रिकेटला द्यायचं. आत्यांनी मला बोलावलं. "आपल्या वेबसाइटवर हार घालून घेणाऱ्या अध्यक्षांचा फोटो आणि त्यांचा संदेश सोडून काही दिसत नाही. तू शिकलीस ना हे? मग कर नवी."

मी जीव ओतून केली. चकाकणारे चषक, सरकणारी छायाचित्रं, मोठी अक्षरं. आत्यांनी फोन डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहिली. "सुंदर आहे. मंगल कार्यालयाची असते तशी," त्या म्हणाल्या आणि चपला घातल्या. "चल, अवधपुरीला."

तिथल्या बागेत मुलांना घेऊन बसलेल्या एका बाईच्या हातात त्यांनी फोन दिला. तिने चषक भराभर बोटाने सरकवले आणि विचारलं, "वो सब ठीक है दीदी, पर छूटने के बाद बच्ची घर कैसे आएगी?"

मी आत्यांकडे पाहिलं. "माझ्याकडे काय बघतेस? तुझ्या वेबसाइटला विचार."

मी सगळी मोडून पुन्हा बांधली. उघडताच गल्लीतून चालणाऱ्या मुलींचा फोटो, त्याखाली एकच ओळ : 'आपकी बेटी को घर के दरवाज़े तक छोड़ा जाएगा।' मग सरावाची वेळ, शिकवणाऱ्या बायकांची नावं, कोणकोणत्या वस्त्यांत मुलींना सोडलं जाईल ते. समितीच्या बैठकीत अध्यक्ष गोरेमोरे झाले. "हमारा संदेश कहाँ गया?"

"है ना भाईसाहब, सबसे नीचे," आत्या शांतपणे म्हणाल्या. "बेटी घर पहुँच जाएगी, फिर माँ आराम से पढ़ेगी."

अध्यक्षच आधी हसले, आणि ती ओळ राहिली.

अवधपुरीतून मुली येऊ लागल्या. आत्यांचे गुडघे इंद्रपुरीतच थकायचे, अवधपुरीची फेरी त्यांना झेपणार नव्हती. मी म्हटलं, रिक्षा लावू. त्या म्हणाल्या, "दरवाजापर्यंत, असं तूच लिहिलंस ना? मग आता तूच चाल." ऑफिसातून सुटले की मी थेट मैदानावर जाऊ लागले. पाय दुखायचे, एखादे दिवशी रडूही यायचं, पण फेरी एकदाही चुकवली नाही. दिवाळीच्या आत संघ उभा राहिला. मैदान मुलींकडेच राहिलं.

गेल्या वर्षी आत्यांचे यजमान निवृत्त झाले आणि त्या मुलाकडे नाशिकला गेल्या. इंद्रपुरीची फेरी आता जुन्या खेळाडू मुली करतात, अवधपुरीची माझ्याकडे आहे. रोज मी फेरी संपवत असते तेव्हाच त्यांचा फोन येतो. कोण जिंकलं, वेबसाइट किती जणांनी पाहिली, यातलं काही त्या विचारत नाहीत.

"शेवटची कोण?"

"परी, आत्या."

"आतून आवाज आला?"

"आला."

"मग जा तू आता घरी. मी आहे फोनवर."