बाईंच्या खिडकीतल्या चिंध्या

मी पदवीधर झालो त्याचं सगळ्यात मोठं ऋण खाडीकाठच्या कोपर गावातल्या आमच्या बाईंचं आहे. बाई म्हणजे माझी आत्या ज्या घरात भाड्याने राहायची त्या घराच्या मालकीण, ठाण्याच्या एका शाळेतून निवृत्त झालेल्या विज्ञानशिक्षिका. गरम आणि गार यांच्यातल्या फरकावर इतकं जिवापाड प्रेम करणारं माणूस साऱ्या ठाणे जिल्ह्यात दुसरं झालं नसेल. त्यांच्या चष्म्याच्या घरात कायम थर्मामीटर असायचा आणि चष्मा मात्र घरभर शोधावा लागायचा. पाहुणा आला की त्याच्या स्वभावाप्रमाणे जागा मिळायची. तापट माणूस खाडीकडच्या खिडकीपाशी, अबोल माणूस चुलीच्या भिंतीला टेकून. दारावर मासळी आली की बाई टोपलीत आधी वर थर्मामीटर धरत, मग खाली बर्फापाशी खुपसत. कोळीण कमरेवर हात ठेवून म्हणायची, "म्हावरा घेतेस का त्याचा ताप बघतेस गो बाय?"

घरात पंखा होता, पण तो पाहुण्यांसाठी. "पंखा हवा ढवळतो रे नुसती," त्या म्हणायच्या. "वारा जन्माला येतो तो फरकातून. दुपारी जमीन तापते, खाडी गार राहते, म्हणून वारा खाडीवरून घरात येतो. पहाटे उलट. फरक संपला की वारा संपला." हे डोळ्यांनी दिसावं म्हणून त्यांनी जुन्या लुगड्याच्या चिंध्या फाडून खिडक्यांच्या गजांना बांधल्या होत्या. आता आमच्याकडे गजाला चिंध्या बांधलेल्या दिसल्या की लोक काय समजणार? पलीकडच्या आळीतली एक बाई नारळ घेऊन आली आणि विचारू लागली, "कुठल्या देवीचा नवस आहे हो?" बाईंनी तिला जमीन आणि खाडी यांचा सगळा धडा शिकवला. तिने मान डोलवत ऐकून घेतला आणि जाताना मुलाच्या लग्नासाठी आपलीही एक चिंधी बांधून गेली. दुर्दैवाने लग्न जमलं. मग काय, चिंध्या वाढतच गेल्या. बाई दर रविवारी परक्या चिंध्या सोडायच्या, धुवायच्या, घडी करून ज्याच्या त्याच्या घरी पोचवायच्या आणि बजावायच्या, "माझी खिडकी आहे ती, देऊळ नव्हे!"

मी मुरबाडच्या पुढच्या गावातला. बाबांची पिठाची गिरणी. बी. एस्सी.ला ठाण्याच्या कॉलेजात घातलं आणि आत्याकडे राहायला ठेवलं तेव्हा त्यांनी एकच अट घातली होती : नापास झालास की गिरणीवर यायचं. शेवटच्या वर्षी थंडीत कॉलेजच्या चाचणीत मी पदार्थविज्ञानात नापास झालो. वर्गातली मुलं इंग्रजीत विनोद करायची आणि मी सगळ्यांच्या नंतर हसायचो. मी पेटी भरायला घेतली. आत्या पदराने डोळे पुसत खाली गेली आणि बाईंना घेऊन आली.

"कुठे निघालास?"

"गिरणीवर. त्या मुलांत आणि माझ्यात फार फरक आहे, बाई."

बाईंचा चेहरा असा उजळला, जणू मी त्यांना पेढे दिले. "फरक आहे? अरे, मग चांगलंच की! सगळे सारखे असते तर इकडून तिकडे काही गेलंच नसतं. ठेव ती पेटी. पहाटे गच्चीवर ये."

पहाटे त्यांनी एक थर्मामीटर खाली अंगणात ठेवला होता, दुसरा गच्चीवर. मी कुडकुडत वरखाली धावलो. गच्चीवरचा पारा जास्त! समोरच्या बेकरीचा धूर थोडा वर जाऊन चादरीसारखा आडवा पसरला होता. "उंच जावं तशी हवा गार होते ना, बाई?" "पुस्तकात. आणि बहुतेक वेळा खरंही. पण रात्रभर निरभ्र आभाळाखाली जमीन निवते, तिला टेकलेली हवाही निवते. ऊब वर, गारठा खाली. मग धुराला वर जायला कारणच उरत नाही. पाठ करू नकोस, बघ." ती सारी थंडी मी नुसता बघत होतो.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी इंग्रजीत नेमका हाच प्रश्न विचारला : उंच जावं तसं हवेचं तापमान कसं बदलतं? मी 'कमी होतं' म्हणालो आणि अडलो. मग म्हणालो, "सर, नेहमी नाही." पुढचं इंग्रजी सुचेना. ते म्हणाले, "सांगा मराठीत." मी बेकरीचा धूर सांगितला. त्यांनी चष्मा काढला. "गच्ची कोणाची?" "आमच्या बाईंची, सर." "मग मार्कही त्यांनाच द्यायला हवेत," ते हसून म्हणाले. पण दिले मला.

त्या सकाळी आत्याने गुपचूप बाईंच्या खिडकीला निळी चिंधी बांधली होती. रविवारी बाकीच्या सुटल्या, ती राहिली. मी विचारलं तेव्हा बाई दुसरीकडे बघत म्हणाल्या, "तिचं कापड तलम आहे. हलक्या वाऱ्यालाही हलतं."

पुढे ते घर पाडून तिथे इमारत झाली आणि बाई ठाण्याला भाचीकडे वरच्या मजल्यावर गेल्या. मी गावच्या शाळेत विज्ञान शिकवू लागलो. एकदा त्यांचं कार्ड आलं : "भाची फार जपते. यंत्र लावून सगळ्या खोल्या सारख्या गार ठेवते. खिडक्या बंद. इथे चिंधी नुसती लोंबत राहते रे." मी त्याच संध्याकाळी उत्तर पाठवलं.

"ती. बाई, साष्टांग नमस्कार.

सुट्टीत इकडे राहायला या. दुपारी पत्रे तापतात, खाली सारवलेली जमीन गार असते, मागे ओढा आहे. फरकाला इथे तोटा नाही. मी आलो तेव्हा तुमच्यात आणि माझ्यात केवढा फरक होता! म्हणून तर तुमच्याकडून माझ्याकडे एवढं आलं. पण देणारा त्यात निवत जातो, हेही तुम्हीच शिकवलंत. आता थोडं उलट दिशेने वाहू द्या. घर पाडायच्या आधी निळी चिंधी मी सोडून आणली होती. ती ओढ्याकडच्या खिडकीला बांधली आहे आणि खाली तुमची खुर्ची ठेवली आहे. आत्याही येणार आहे. येताना थर्मामीटर आणा. चष्मा राहिला तरी चालेल."