विहिरीत न पडलेला मुलगा

आजही कुणी माझ्यासमोर "अमक्याच्या अंगात येतं हो" असं सांगू लागलं, की मला खटाव तालुक्यातली एक म्हातारी आठवते. नोकरीत मी दरोडेखोर पाहिले, खुनी पाहिले, त्यांच्यावर चालून जाणारे शिपाईही पाहिले. पण धाडस हा शब्द ऐकला की डोळ्यांसमोर येते ती ठाण्याच्या पायरीवर पदर खोचून बसलेली ती बाई. तिचं नाव इथे लिहीत नाही. तिला ते आवडलं नसतं.

मी तेव्हा वडूजला फौजदार होतो. महायुद्ध चालू होतं. त्या दुष्काळी मुलखातल्या घराघरातून एकेक तरुण पलटणीत गेलेला. जिल्ह्यात चळवळीचा जोर, त्यामुळे खाकी कपडा दिसला की लोक दार लावून घेत. आम्ही पाणी मागितलं की गावातल्या सगळ्या घागरी नेमक्या रिकाम्या असत. अशा दिवसांत एक बाई आपण होऊन ठाण्यात आली, याचंच मला आणि ठाणे अंमलदाराला नवल वाटलं.

"आवं साहेब, माजी सून गेलीया," ती म्हणाली.

"कुणाबरोबर?" मी विचारलं. पोलिसाच्या तोंडी पहिला प्रश्न हाच येतो.

"कुनाबरबर न्हाई. देवाकडं गेलीया. तीच तर पंचाईत हाय."

मग तिनं सगळं सांगितलं. ती विधवा. एकुलता एक मुलगा लग्न करून तीन आठवड्यांत पलटणीत परत गेला आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवर बेपत्ता झाल्याची तार आली. मेला असंही नाही, आहे असंही नाही. घरात सासू आणि सून दोघीच. त्याच सुमारास जवळच्या एका माळावरच्या देवळात एक महाराज येऊन उतरले होते. भोवती दहा-वीस भक्त. दुपारी गाभाऱ्यात अंधार करून बैठक बसे आणि महाराजांच्या मुखातून आघाडीवरचे बेपत्ता शिपाई बोलत.

सून एकदा गेली, दोनदा गेली. तिसऱ्या खेपेला नवऱ्याचा आवाज तिला म्हणाला, "तू घरदार सोडून महाराजांची सेवा केलीस तरच मी परत यीन." तेव्हापासून ती देवळातच राहत होती. अंगावरचे दागिने महाराजांकडे जमा झाले होते. एक डोरलं तेवढं राहिलं होतं.

मी म्हातारीला कायदा समजावला. सून सज्ञान आहे, आपल्या पायांनी गेली आहे, तिची स्वतःची तक्रार नाही. गुन्हा कसला दाखल करू? म्हातारीनं शांतपणे ऐकून घेतलं आणि पायरीवर जाऊन बसली. दुसऱ्या दिवशी मी ठाण्यात आलो तेव्हाही ती तिथेच होती, भाकरीचं फडकं शेजारी ठेवून. तिसऱ्या दिवशी आमच्या हवालदारानं तिच्यासाठी पाण्याचा तांब्या भरून ठेवायला सुरुवात केली. हा हवालदार कुणाच्या बापाला दाद देणारा नव्हता, तेव्हा ही बाई हलणार नाही हे समजलो आणि चौकशीला लागलो.

हवालदाराच्या खबऱ्यानं दोन गोष्टी आणल्या. पहिली अशी की महाराजांचा सांगलीकडे नदीकाठी उसाचा मळा होता. आधी नेलेल्या बायका तिथे उजाडल्यापासून भांगलणी करत, तण उपटत होत्या. मजुरी नाही, कारण ती सेवा. नातेवाइकांना भेट नाही, कारण भेटलं की म्हणे सेवेचं पुण्य जातं. दुसरी बातमी जास्त वाईट होती. देवळातल्या बायकांना तिकडे न्यायला येत्या बाजारच्या दुसऱ्या दिवशी दोन बैलगाड्या सांगितल्या होत्या. मळा संस्थानच्या हद्दीत. तेव्हा आमच्या जिल्ह्यात मध्येच फलटण, मध्येच औंध, खाली सांगली, अशी संस्थानांची ठिगळं होती. एकदा गाड्या पलीकडे गेल्या की माझा हुकूम तिथे कुणी ऐकला नसता, आणि कागदपत्रं होईपर्यंत ती पोरगी कुठे असती कोण जाणे.

मी म्हातारीला आत बोलावलं. "आवाज खरंच तुमच्या मुलासारखा आहे का?"

"मी बी गेले हुते साहेब," ती म्हणाली. "सुनंला आनाय म्हनून गेले आन् ऐकत बसले. लय लांबनं बोलल्यागत घोगरा येतो. त्येचा हाय बी आन् न्हाई बी. लय रडले बगा."

"आणि सुनेला काय वाटतं?"

"तिला काय म्हाईत? आमच्यात न्हवरा-बायकू मोठ्यांम्होरं बोलत्यात व्हय? तिनं त्येचा आवाज धड ऐकलाय कवा? म्हनून तर जाती."

त्या पोरीला भुताखेताचं वेड नव्हतं. आपला नवरा कसा बोलतो एवढंच तिला ऐकायचं होतं.

पण सून फशी पडली ती आवाजानं नाही, माहितीनं. नवरा निघाला तेव्हा तिनं स्वतःच्या लुगड्याचा काठ फाडून त्यात शेंगदाण्याचे लाडू बांधून त्याच्या ट्रंकेत लपवले होते. सासूलाही पत्ता नव्हता. त्या काठाची गोष्ट महाराजांच्या मुखातून बाहेर आली. "कुनालाच सांगितलं न्हवतं," असं सून सासूला शपथेवर सांगत होती.

आता इथे एक अनुभवाची गोष्ट सांगतो. माणूस "कुणालाच सांगितलं नाही" म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. त्याच्या मनात 'कुणी' म्हणजे घरातले, गावातले, ज्यांच्यापासून लपवायचं ते. हजामत करणारा, कपडे शिवणारा, येणाराजाणारा त्यात धरलेलाच नसतो. मी हे म्हातारीला सांगितलं. ती विचार करू लागली आणि एकदम तिनं माझ्या टेबलावर हात आपटला. शाईची दौत हलली.

"साहेब, सासुरवाशीन तोंड उगडती कुठं? बांगड्या भरताना! हात दुसरीच्या हातात असतो, दुकतं, मग ती बाई पोरीला बोलतं करती. बांगडीवाली नवीन हाय, दूरची हाय. महाराज आल्यापास्नंच याया लागलीया."

मी त्या बांगडीवालीला लगेच उचलणार होतो. म्हातारीनंच थांबवलं. "तिला धरशीला तर महाराज म्हनंल, मी वळखतच न्हाई. आन् माजी सून तुमास्नीच शिव्या दील. माजं ऐका. मी तिला एक खोटं सांगते."

खोटं तिनंच रचलं. मुलगा लहानपणी विहिरीत पडला, तिनं लुगडं सोडून त्याला वर काढलं, तेव्हापासून तो पाण्याला भितो. हे सांगताना ती चक्क हसली. पाण्याला भिणं सोडाच, तो तळातली माती घेऊन वर येणारा पोहणारा होता आणि तिच्या वाडीला हे माहीत होतं. दूरच्या बांगडीवालीला तेवढं नव्हतं.

"त्या आवाजाने ही विहीर सांगितली की गुन्हा सिद्ध," मी म्हणालो.

"आन् न्हाई सांगितली तर?"

"तर काहीच सिद्ध होत नाही."

तिनं हाताच्या रेषांकडे पाहिलं. "म्हंजी न्हाई सांगितली तर माजा ल्योकच बोलतोय, असं मला म्हनता यील. आन् सांगितली तर..." मी म्हणालो, आजी, दुसरा काही मार्ग काढू. ती उठली. "नगं. ल्योक हाय का न्हाई ते देवाला ठावं. सून मातर जिती हाय. तिचं आदी बगू."

तिनं बांगडीवालीला ओट्यावर बसवलं, सून परत आली की भरायला हिरव्या बांगड्यांचं माप दिलं, गूळपाणी दिलं आणि रडत रडत विहिरीची गोष्ट सांगितली. रडणं खोटं नव्हतं असं ती मला नंतर म्हणाली.

बाजारच्या दिवशी दुपारी आम्ही बैठकीला गेलो. मी धोतर आणि मुंडासं बांधलं होतं. हवालदाराला वाकून चालायला शिकवण्यात मात्र अर्धी सकाळ गेली, त्याचा कणा पलटणीतच ताठ झालेला. बरोबर दोन पंच. ठरलं असं की आवाजानं विहिरीची गोष्ट काढली की म्हातारीनं पदर डोक्यावरून पुढे ओढायचा, मग मी उठायचं.

गाभाऱ्यात धूप, अंधार, एकच समई. बायका दाटीवाटीने बसलेल्या, बऱ्याचशा आया आणि नव्या सुना. महाराज घुमू लागले. एकदोघींचे मुलगे बोलले. मग तो घोगरा आवाज आला.

"आये..."

माझ्या शेजारी म्हातारी पुढे सरकली.

"आये, हितं लय पानी हाय गं. मोठ्या मोठ्या नद्या. ल्हानपनी हिरीत पडलो तवा तू लुगडं सोडून मला काडलंस. तवाधरनं मला पान्याचं भ्या वाटतंय. आता मला कोन काडंल? तिची सेवाच काडंल. तिला मागं बोलवू नगंस."

मी म्हातारीकडे पाहिलं. तिचे हात मांडीवर तसेच. पदर हलला नाही. आवाज बोलत होता आणि ती ऐकत होती. खरं सांगतो, मला वाटलं ही आता खूण करणार नाही. आवाज चालू राहावा म्हणून कुठल्याही आईनं ती केली नसती आणि मी तिला दोष दिला नसता. मग तिनं दोन्ही हातांनी पदर धरला आणि सावकाश, पार हनुवटीपर्यंत खाली ओढला.

मी उठायच्या आधीच मागच्या बायकांतून एक उठली. तिची सून.

"कुनाला पान्याचं भ्या?" ती ओरडली. "मी धुनं धुवाया गेले हुते तवा माज्याम्होरं काठावरनं उडी मारली हुती त्यांनी! मी वरडले तर तळातली माती आनून दावली! ह्यो कोन बोलतोय?"

वडीलधाऱ्यांसमोर कधी तोंड न उघडलेल्या त्या पोरीचा आवाज गाभाऱ्यात घुमला. बायकांत गलका झाला. हवालदारानं दार उघडलं, ऊन आत आलं आणि महाराज डोळे चोळू लागले. जागेवरच पंचनामा केला. दागिन्यांची पेटी समईच्या मागेच होती.

बांगडीवालीला त्याच दिवशी ठाण्यात आणलं. ती जबाबाला बधेना. "मी कुनाचं काय चोरलं? बायका आपनहून बोलत्यात," हे एकच पालुपद. मी आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, "त्या बोलतात तेव्हा तुमच्या हातात काय असतं?"

"त्येंचा हात," ती म्हणाली आणि रडू लागली. मग तिनं पहिल्यापासून सगळं सांगितलं. महाराज मूळचा तमाशातला सोंगाड्या, नकला करण्यात पटाईत. सांगलीकडच्या मळ्यातल्या बायकाही पुढे संस्थानच्या पोलिसांच्या मदतीनं सुटल्या. त्याला शिक्षा झाली. सगळ्याच बायका माझ्यावर खूश झाल्या असं नाही. एकीनं मला भर बाजारात शाप दिला, कारण तिचा मुलगा खरंच बोलत होता असं तिला शेवटपर्यंत वाटत होतं. मी ऐकून घेतलं.

म्हातारीचा मुलगा परत आला नाही. युद्ध संपल्यावर सरकारी कागद आला.

पण तो कागद यायच्या फार आधीची, अटकेच्या दुसऱ्या दिवसाची ही गोष्ट. दोघी सासू-सुना जबाबावर अंगठे द्यायला ठाण्यात आल्या होत्या. काम झालं. सून बाहेर ओसरीत उभी होती. म्हातारी जागची हलेना.

"साहेब, एक मागू? नगं म्हनू नका."

"मागा ना."

"त्येला यकदा बोलाया सांगा."

मला कळलंच नाही. मग कळलं. मी शिपायांना बाहेर पाठवलं आणि तिला कोठडीपाशी नेलं. गजांच्या आत तो सोंगाड्या गुडघ्यांत मान घालून बसला होता.

"मला ठावं हाय तू कोन हायस ते," म्हातारी त्याला म्हणाली. "यकदा आये म्हन. मी काय बोलनार न्हाई."

त्यानं वर पाहिलं. घसा खाकरला, तोंड उघडलं, पण आवाज निघेना. पुन्हा प्रयत्न केला. शेवटी स्वतःच्या बारीक आवाजात म्हणाला, "आजे, न्हाई जमत," आणि त्यानं तोंड फिरवलं.

म्हातारी गज धरून उभी राहिली. "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली.

मला वाटायचं, माणसं अशी फसतात तरी कशी? त्या दिवसापासून मी तो प्रश्न विचारणं सोडलं. फसणारी माणसं मूर्ख नसतात, त्यांचं कुणीतरी हरवलेलं असतं. आणि खोटं आहे हे पुरतं ठाऊक असूनही ज्या आवाजासाठी ती गजांपाशी उभी राहिली, तोच आवाज आदल्या दिवशी तिनं पदर ओढून स्वतःच्या हातांनी बंद केला होता. दुसऱ्याच्या लेकीसाठी. एवढं बळ मला नोकरीत कुठल्याच मर्दात दिसलं नाही.

ओसरीतून सून आत आली. तिनं सासूचा हात गजावरून सोडवला आणि आपल्या हातात घेतला.

"आत्याबाई, चला. म्हशीची धार ऱ्हायलीया."

दोघी निघाल्या. फौजदारानं कुणाला दारापर्यंत पोचवायला जायची तेव्हा रीत नव्हती. मी टोपी घातली आणि गावाच्या वेशीपर्यंत त्यांच्या मागून चालत गेलो.