वहीतले नववे वाक्य

सोमवार, ९ डिसेंबर २०२४, सकाळी सात वाजून चाळीस मिनिटे. वेळ नेमकी सांगता येते, कारण शिकवणी सुरू झाली की ती मी वहीच्या कोपऱ्यात लिहितो. ठाण्याच्या एका शाळेत चौतीस वर्षे इंग्रजी शिकवले. निवृत्तीनंतरही सवय गेली नाही.

शिकणाऱ्या बाई डोंबिवली पूर्वेला आमच्याच इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर राहतात. कल्याणच्या एका लहान रुग्णालयात परिचारिका आहेत. ठाण्यातल्या मोठ्या रुग्णालयात त्यांना जागा हवी होती आणि तिथली मुलाखत इंग्रजीत व्हायची होती. कामात पक्क्या, पण इंग्रजीत तोंड उघडायचे म्हटले की घाम फुटे. आठवड्यातून तीन दिवस, कामावर जाण्यापूर्वी, पाऊण तास येत.

माझी पद्धत जुनी आहे. एका दिवशी एक शब्द, त्यावर घरून दहा वाक्ये. अट एकच: वाक्य खरे हवे, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले. वर्तमानपत्रातून उचललेले मी खोडतो.

आधीच्या शुक्रवारी ‘प्लमेट’ हा शब्द दिला होता. एकाएकी, वेगाने, सरळ खाली येणे. जिना उतरणे म्हणजे प्लमेट नव्हे. गच्चीच्या कठड्यावरून कुंडी सुटणे म्हणजे प्लमेट, असे समजावले. शेअर बाजार आणि तापमान या दोन्हींवर बंदी घातली.

“मग उरलं काय, सर?”

“तुमचं रोजचं आयुष्य.”

“त्यात पडण्याइतकं उंच काही नाहीये हो.”

मी हसलो नाही. स्वयंपाकघरात माझी पत्नी हसली.

सोमवारी वही समोर आली. मी लाल पेन काढले. पहिल्या वाक्यात एका रुग्णाचा रक्तदाब खाली आला होता. चौथ्यात मुलीचे गणिताचे गुण. सहाव्यात, सुनेने सुट्टी काढली की सासूबाईंचा मूड प्लमेट होतो, असे होते. त्याला मी पूर्ण गुण दिला. नवव्या वाक्याचा अर्थ असा: सरांच्या पत्नीचे वजन गणपतीपासून प्लमेट झाले आहे.

काळ बरोबर होता. कर्ता-क्रियापद बरोबर. समासात मी लिहिले, ‘शब्द फार जोरकस. घट हळूहळू झालेली दिसते. साधे क्रियापद पुरे.’ अर्धा गुण कापला आणि दहाव्या वाक्याकडे वळलो. मी ते वाक्य तपासले होते, वाचले नव्हते.

“सर, नववं बरोबर आहे,” बाई हळू आवाजात म्हणाल्या. यापूर्वी त्यांनी माझ्या गुणांबद्दल कधी तक्रार केली नव्हती.

“तीन महिन्यांतली गोष्ट. एकाएकी कशी?”

“गणपतीत अठ्ठावन्न. काल माझ्या काट्यावर एकोणपन्नास. पथ्य नाही, व्यायाम नाही. आमच्याकडे याला एकाएकीच म्हणतात, सर.”

आत भांड्यांचा आवाज थांबला. पत्नी दारात आली.

“सांगायचं नाही असं ठरलं होतं ना गं आपलं?”

“सांगितलं कुठे, काकू? लिहिलं. सरांची अट आहे ना, खरं लिहायचं.”

मग मी पत्नीकडे पाहिले. ब्लाउजच्या दोन्ही बाजूंना नव्या शिवणी होत्या. पाटल्या तिने दिवाळीनंतर काढून ठेवल्या होत्या. हल्ली चोऱ्या फार होतात, म्हणाली होती, आणि मी मान डोलावली होती. त्या हातातून निसटत होत्या. उशाशी पाण्याची एक बाटली असे, तिच्या दोन झाल्या होत्या. त्या दोन्ही रोज मीच भरत होतो. हे सगळे माझ्यासमोर घडले होते. विद्यार्थ्याला मी म्हणालो असतो, स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.

“लपवलंस का?”

“जानेवारीत लेक यायची बाळंतपणाला. तुम्हाला कळलं असतं तर तिला येऊ नको म्हणाला असतात. पहिलं आहे तिचं. ते पार पडू दे, मग बघू.”

“बाळंतिणीला न्हाऊ घालायचं, पोर सांभाळायचं, तर अंगात जोर लागतो. साडी बदल.”

“आज? अहो, मटार सोलायचे पडलेत.”

“पडू देत.”

बाई त्याच दिशेला निघाल्या होत्या. त्यांच्या रुग्णालयातल्या डॉक्टरांना त्यांनी फोन केला आणि आम्ही तिघे एका रिक्षाने कल्याणला गेलो. पत्रीपुलावर पत्नी म्हणाली, “अर्धा मार्क का कापलात तिचा?”

डॉक्टर दक्षिणेकडचे, मराठी जेमतेम. बाईंनी त्यांना सगळे इंग्रजीत सांगितले: वजन किती होते, किती झाले, तहान, रात्रीचे उठणे, केव्हापासून. दोन ठिकाणी वाक्य अडखळले. त्या थांबल्या नाहीत. वजनासाठी त्यांनी तोच शब्द वापरला. डॉक्टरांनी लगेच बोटातून रक्त काढले. मी बाकावर बसून ऐकत होतो. दुरुस्त करण्यासारखे काही नव्हते.

साखर चारशेच्या वर निघाली. डॉक्टरांनी औषध लिहून दिले. महिनाभर थांबला असता तर हिला इथे उचलून आणावे लागले असते, असे त्यांनी मला सांगितले आणि बाईंनी ते तिला मराठीत, जरा सौम्य करून सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी पुन्हा रक्त द्यायचे होते.

“लेक येईल ना?” पत्नीने विचारले.

“येईल,” मी म्हणालो. “न्हाऊ घालायला बाई लावू. तू जवळ बसायचं.”

संध्याकाळी मुलीला फोन करून सगळे सांगितले. टेबलावर वही तशीच उघडी होती. समासातला शेरा मी खोडला, कापलेला अर्धा गुण परत दिला, बाजूला सही केली आणि वही दुसऱ्या मजल्यावर नेऊन दिली.

एक काम उरले होते. पहाटे साडेपाचला उठून चहा मी करतो. पहिला कप तिचा. लग्नापासून हा क्रम आहे आणि हात तो न विचारता करतात. म्हणून चहाचे पातेले, गाळणे आणि साखरेचा डबा पिशवीत घातला, स्टूल घेतले आणि पिशवी माळ्यावर ठेवली.