बागेतल्या शेकोट्या

उसाचं पाचट जळाल्याचा वास आला की नाशिकजवळच्या आमच्या द्राक्षबागेतली एक पहाट आठवते. त्या पहाटे पानांवरचं दव गोठलं होतं. थंडीने मणी तडकू नयेत म्हणून आम्ही बागेत शेकोट्या पेटवत होतो, पण पाचट संपत आलं. तेवढ्यात बांधाच्या भांडणापासून वडिलांशी न बोलणारे शेजारचे काका गाडीभर पाचट घेऊन आले. वडील बघतच राहिले. “बघतो काय, उतरून घे. गारठा लय हाय,” काका म्हणाले. उजाडेपर्यंत दोघं शेजारी वाकून जाळ फुंकत होते. बाग वाचली. आईने दोघांना चहा दिला. यंदा ऐन डिसेंबरात घरात पंखा चालू आहे. परवा वडील म्हणाले, “तशी थंडी एकदा पडायला पाहिजे.” काका जाऊन बरीच वर्षं झाली.