ट्रेलरमध्ये माझं तोंड

“माझं तोंड कुठंय रं?” मी चुलतभावाच्या व्हिडिओच्या दुकानात असा ओरडलो, की समोर येरमाळ्याच्या फाट्यावर थांबलेली बस माणसं न घेताच सुटली.

लग्नाच्या शूटिंगा सोडून या रक्ताच्या भावानं भुताचा सिनेमा काढला आणि मला हिरो केलं. रोज तोंडाला राख फासायचा. म्हणायचा, हिरो आगीतनं आलाय. मी आख्ख्या जिल्ह्याला सांगून ठेवलं. ट्रेलर बघायला शेजारच्या वाशीहून सासरेबुवा नवं धोतर नेसून आले.

आधी काळा पडदा, मग दाराची करकर, मग आपल्याच छातीचे ठोके ऐकू यावेत एवढी शांतता. आन् एकदम दणका, त्यात माझी किंकाळी. शूटिंगला विंचू चावला तेव्हाची, अगदी खरी. बाकी माझे चिखलाचे पाय दिसले, भिंतीवर सावली दिसली, दारामागून हात आला. तोंड एकदाही न्हाय. सासरेबुवा चहा न पिताच उठून गेले.

भाऊ कॉम्प्युटरवरची नजर न काढता म्हणाला, “दादा, ट्रेलरमध्ये भुताचं तोंड दाखवत नसतेत.”