चित्रातली एकदाणी

१९९१ सालच्या जूनमधला पहिला सोमवार. खिशात नऊशे रुपये. त्यात सातशे वडिलांचे, आबांचे आणि दोनशे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे. सटाण्याच्या एसटी स्टँडवर आबा, माय, आक्का आणि मी असे चौघे होतो. नाशिकजवळच्या एकलहऱ्याच्या वीज केंद्रात मला हेल्परची नोकरी लागली होती. गावातून तिकडे जाणारा मी पहिलाच.

आबा बाजार समितीत मापाडी होते. आयुष्यभर लोकांचा कांदा तोलला, पण मनगटाला घड्याळ कधी बांधलं नाही. त्या सकाळी त्यांनी कंडक्टरला तीनदा वेळ विचारली. शेवटी कंडक्टर वैतागून म्हणाला, "बाबा, पावणेसातच हाय अजून. तुम्ही इचारून गाडी लवकर सुटनार नाय." आक्का हसली आणि घड्याळ घेऊन द्यायचं कबूल करत म्हणाली, "आबा, तुमले मी घड्याय लई देसू." मायनं माझ्या पिशवीत भाकरी कोंबल्या आणि एवढंच सांगितलं, "चित्रं काढाना नादमा उपाशी ऱ्हाऊ नको." मी शाळेपासून चित्रं काढायचो, आणि काढायला बसलो की जेवायचं विसरायचो.

एकलहऱ्यात मी कोळशाच्या विभागात लागलो. पहिली दोन वर्षं नाक शिंकरलं तरी काळं यायचं. मग लग्न झालं, कॉलनीत क्वार्टर मिळालं आणि पुढच्या खोलीत मी रंग मांडले. सकाळची शिफ्ट संपली की अंघोळ, जेवण आणि चित्र. बायको सुमन नाशिकरोडची. टर्पेंटाइनच्या वासानं तिचं डोकं दुखायचं, पण महिनाअखेरीला ती काही बोलायची नाही.

मी गेलेल्या माणसांची चित्रं काढायचो. ठरवून नाही, गिऱ्हाईकच तसं आलं. दिंडोरीचे बागायतदार, विंचूरचे कांद्याचे व्यापारी, कॉलनीतले लोक. वर्षश्राद्धाच्या आधी यायचे आणि हातात रेशनकार्डावरचा नाहीतर कुणाच्या तरी लग्नाच्या ग्रुपमधला नखाएवढा फोटो द्यायचे. त्यातून मी दीड फुटाचं तैलचित्र करायचो. साडेतीनशे रुपये, फ्रेम वेगळी.

आणि जवळजवळ प्रत्येक जण, पैसे ठरल्यावर, दारात थांबून हळूच म्हणायचा, "गळ्यात काहीतरी घाला हो. बरं दिसेल." जन्मभर काळ्या पोतीवर राहिलेल्या बायांच्या गळ्यात मी मोहनमाळा घातल्या, मोकळ्या नाकात नथी घातल्या. सुरुवातीला मला हे खोटं वाटायचं. मग कळलं, ते सोनं लोकांना मिरवायला नको असतं. द्यायचं राहून गेलेलं असतं. मी त्याचा दर ठरवला. नथ वीस, एकदाणी म्हणजे सोन्याच्या मण्यांची एकेरी माळ, तिचे चाळीस. माझ्या विभागातले शेखभाई म्हणायचे, "सराफापेक्षा तुम्ही बरे राव. सोनं फुकट, नुसती घडणावळ घेता!"

१९९९ च्या थंडीत माय गेली. मी पोचलो तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं.

पुढच्या वर्षी श्राद्धाच्या दोन महिने आधी आबा एकलहऱ्याला आले. आले की ते दोन दिवसांत परत पळायचे. इथल्या चिमणीचा धूर त्यांना सोसायचा नाही. आक्काच्या लग्नातला मायचा फोटो त्यांनी आणला होता. त्यात तिचा पदर गळ्यापर्यंत ओढलेला. चहा झाला. सुमन पाणी भरायला गेली, तसे ते म्हणाले, "गळामा एकदाणी काढ."

गिऱ्हाईकं दारात थांबून बोलायची, तसेच ते भिंतीकडे बघून बोलत होते.

"मी तिले बोलेल व्हतू. आक्काना जल्म व्हयना तव्हय. ऱ्हाई गयं." मग म्हणाले, "कोणले सांगू नको. आक्काले भी नको."

चित्राचे पैसे मी घेणार नव्हतोच. पण एकदाणीचे चाळीस त्यांनी टेबलावर ठेवले आणि मला ते उचलायला लावले. ती त्यांच्याकडून होती.

मी जीव ओतून काम केलं. इतरांची माणसं मी थोडी गोरी करायचो, सुरकुत्या कमी करायचो. मायचं तसं करवेना. तिच्या डाव्या कानाची पाळी फाटलेली होती, ती तशीच काढली. हनुवटीवरचा तीळही रंगवला. उजवी पापणी किंचित खाली असायची, तीही. तिचा पदर मात्र मी थोडा खाली घेतला आणि गळ्यात एकेक मणी उजेड धरेल असा रंगवला.

श्राद्धाच्या दिवशी सगळ्यांनी चित्र पाहिलं. बाया म्हणाल्या, आता बोलेल अशी आहे. तेवढ्यात आक्काच्या सासूनं सगळ्यांसमोर विचारलं, "तुनी मायनी एकदाणी व्हती का वं? मंग लेकले का नही उनी?" आईचा दागिना लेकीला जायचा, ही आमच्याकडची रीत.

आक्कानं मला मागच्या दारी गाठलं. "मायनी एकदाणी कोठे शे?"

"आक्का, ती खरी नाही. फक्त चित्रातली आहे."

"खोटं बोलाले 'आहे' बरं पडस ना तुले!" ती म्हणाली. गावात मी कधी 'आहे' म्हटलं नव्हतं, 'शे'च म्हणायचो. नाशिकची भाषा माझ्या तोंडात बसली होती, आणि ती नेमकी तिथं बाहेर आली. "फाटेल कान खरा, तीळ खरा, पापणी खरी. मंग एकदाणीच खोटी कशी?"

याचं उत्तर ओट्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसलं होतं आणि जमिनीकडे बघत होतं. आबांनी मान वर केली नाही. मीही तोंड उघडलं नाही.

त्यानंतरच्या भाऊबीजेला आक्का आली नाही. मी ओवाळणी मनीऑर्डरनं पाठवली, ती परत आली. पुढच्या वर्षीही परत आली. मी गेलो तर ती मळ्यात गेली असायची. ज्या बहिणीनं जाताना दोनशे रुपये दिले, तिला मी नाशिकला जाऊन चोर झालो असं वाटत होतं, आणि ते खोडायचं तर बापाला त्याच्या व्याह्यांसमोर उघडं पाडावं लागलं असतं. आबांना मी दोनदा म्हटलं, तुम्हीच सांगा. ते म्हणाले, "सांगसू." आणि तोलायला आलेल्या कांद्याबद्दल बोलू लागले.

मधल्या काळात फोटो स्टुडिओवाले कॉम्प्युटरवर फोटो मोठे करून देऊ लागले. दागिनेही तिथेच बसवून मिळायचे, तासाभरात. माझ्याकडे महिन्याला एखादं काम उरलं. सुमन म्हणाली, "आता ओव्हरटाइम करा, त्यात जास्त मिळतात." हिशेबानं तिचं बरोबर होतं. मी रंग बाजूला ठेवले, टाकून मात्र दिले नाहीत.

२००४ मध्ये आबा गेले. आक्काला न सांगताच गेले. गावचं घर बंद केलं आणि मायचं चित्र मी क्वार्टरवर आणलं.

त्यानंतर चार महिन्यांनी, एका दुपारी, शिफ्टवरून आलो तर आक्का पुढच्या खोलीत बसलेली. एकटी आली होती. सुमननं दिलेलं पाणी तिनं घेतलं होतं, चहाला नको म्हणाली होती. मायच्या चित्राकडे पाठ करून बसली होती.

"आबास्नं चित्र काढानं शे," ती म्हणाली. "काय पैसा व्हई तो सांग. फुकट नको."

तिनं फोटो दिला. आबा मापाच्या काट्याशेजारी उभे, हात काट्यावर. मी कागदावर मापं टाकू लागलो. ती उठली, दारापर्यंत गेली आणि थांबली.

"हातमा घड्याय काढ."

"आबांकडे घड्याळ नव्हतं, आक्का."

"माले माहीत शे. मी त्यास्ले बोलेल व्हती. ऱ्हाई गयं."

मग पहिल्यांदाच वळली आणि मायच्या गळ्याकडे बघू लागली. मी पेन्सिल खाली ठेवली.

"आबास्नी सांगेल व्हतं?" तिनं विचारलं.

मी होकारार्थी मान हलवली.

"तू का नही बोलना?"

"त्यास्नी नको सांगेल व्हतं." हे मात्र माझ्या तोंडून गावच्या बोलीत आलं.

ती दारातच खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. माझ्यासाठी नसावं. चार वर्षांत आबा तिच्या घरी किती वेळा गेले असतील, आणि दर वेळी हे न सांगता उठले असतील, त्यासाठी असावं. मीही काही समजूत घातली नाही. गेलेल्या चार भाऊबिजा कुणाच्या समजुतीनं परत येणार नव्हत्या.

घड्याळात किती वाजलेले दाखवू, असं मी विचारलं. डोळे पुसत म्हणाली, "तू गया तव्हयना. पावणेसात."

तुम्ही, गावात राहिलेली माणसं, मला विचारता, आता तुझं घर कोणतं. गावच्या घराची किल्ली माझ्याकडे आहे, पण दार फुगलंय, ते आता खांद्यानं ढकलावं लागतं. क्वार्टर निवृत्तीपर्यंतच. गावातले जे माझ्यासारखे निघून गेले त्यांना हे सांगायला नको. माझ्या लेखी घर म्हणजे, मायकडे एकदाणी कधीच नव्हती हे ठाऊक असलेली माणसं. ती आता दोनच उरली आहेत, मी आणि आक्का.

आबांचं चित्र न्यायला ती तीन आठवड्यांनी आली. चित्राचे मी काही घेतले नाहीत, तिनंही वाद घातला नाही. घड्याळाची घडणावळ तीस रुपये. ती आक्कानं दिली आणि मी घेतली.